मेस्त्रींनी सोडलेलं काम

दुपारचे अडीच वाजलेत. बाहेर बर्फाचा उजेड असा पडलाय की घरात दिवा लागत नाही, आणि डोळे मिटले तरी आत पुरता अंधार होत नाही. रुचिता झुलत्या खुर्चीत बसली आहे. बाळ तिच्या छातीवर पालथं आहे, आणि ती मोजते आहे. बाळाची इवलीशी पाठ वर येते, खाली जाते. एक. वर येते, खाली जाते. दोन. मिनिटाला चाळीसच्या आसपास आले की ठीक. फारच कमी आले तर फोन, फारच जास्त आले तरी फोन. हॉस्पिटलातून घरी सोडताना नर्सने शंभर गोष्टी सांगितल्या, त्यातली ही एक. बाकीच्या नव्व्याण्णव कागदावर राहिल्या. ही मात्र रुचिताने उराशी धरून घरी आणली.

संख्याशास्त्र घेऊन एम. एस्सी. झालेली बाई आहे ती. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेली मुलगी दहा आठवड्यांची झाली, वजन धरायला लागली, की धोका किती उरतो हे तिला कुणी समजावून सांगायला नको. थोडाच उरतो. पण तो 'थोडा' तक्त्यात वाचायचा वेगळा आणि अंगावर घेऊन बसायचा वेगळा.

समोर तीन हातांवर पाळणा आहे. चेरीच्या लाकडाचा, मधासारख्या रंगाचा, दोन तासांच्या अंतरावर, वीज न वापरणाऱ्या आमिश लोकांच्या वस्तीतल्या योडर नावाच्या म्हाताऱ्या सुताराने केलेला. त्यात कुठे खिळा नाही. लाकडात लाकूड बसवलंय, लाकडाच्याच खुंटीने अडवलंय. हात फिरवला तर जोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते बोटाला कळत नाही. महिना झाला तो येऊन. आणि महिनाभर तो रिकामा आहे.

कारण बारसं झालेलं नाही.

बारशाच्या दिवशी आधी तेल लावलेला वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचा, दगडासारखं टणक आयुष्य मागायचं, मग बाळाला आत घालायचं आणि बायकांनी पाळणा म्हणायचा. बाराव्या दिवशी बाळ हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होतं, नाकात नळी होती. पुढे सात आठवडे तिथेच. घरी आल्यावर आईने गावाहून फोनवर बजावलं, "बारशाबगर पाळण्यात घालू नको हां गो. आणि रिकामो हलवू नको. आता घरात बाबांचां दुख ताजां आसा, गाणी कशी म्हणतली? चैत्रात बगूया."

रुचिता हसली होती. मनातल्या मनात, फोनवर नाही. आणि मग तिने बाळाला पाळण्यात घातलं नाही. एवढं ऐकलं तर काय बिघडतं, असं स्वतःला म्हणाली. नवरा, संकेत, सोमवारी पहाटे कामाच्या शहरी जातो आणि शुक्रवारी रात्री परततो. शनिवार-रविवार तो मुलीला अंगावरून खाली उतरवतच नाही. रुचिता झोपते ती त्या दोन दिवसांत. बाकीचे दिवस तो दुपारी फोन करतो. "बाळ पाळण्यात आहे ना? तू पण पड जरा." ती म्हणते, "हो, आत्ताच तासभर झोपले." आईला सांगायचं बाळ गादीवर निजतं, संकेतला सांगायचं पाळण्यात. तीन आठवडे दोन्ही नीट चाललंय. आज गुरुवार आहे.

सतरा. अठरा.

ही खुर्चीही योडरचीच. सप्टेंबरात आईबाबा महिनाभर आले होते, तेव्हा दोन्ही वस्तू एकदमच करायला सांगितल्या. बाबा म्हणजे मेस्त्री, सुतार. सावंतवाडीच्या बाजूला सगळे त्यांना मेस्त्रीच म्हणत, आईसुद्धा. त्यांना नायगारा दाखवला तर "पाणी बरां आसा" एवढंच म्हणून गाडीत जाऊन बसले. पण योडरच्या कारखान्यात शिरले आणि देवळात शिरल्यासारखी चप्पल काढली. तिथे विजेचा दिवा नव्हता. छतातल्या काचेतून उजेड येत होता आणि त्या उजेडात भुसा तरंगत होता. बाबा एका टेबलाखाली शिरून उताणे पडले.

"ओ, उठा, लोक बगतत," आई म्हणाली.

टेबलाखालून आवाज आला, "गो रुचिता, ह्येका विचार, खालसून कित्याक एवढां घासल्यान? हय कोण बगतलो?"

तिने इंग्रजीत विचारलं. योडरने दाढीवर हात फिरवला आणि सांगितलं, "रांगणारं मूल बघतं."

तिने ते मराठीत सांगितलं तेव्हा बाबा बाहेर आले, म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. "मेस्त्री आसा ह्यो," म्हणाले. त्यांच्याकडे याहून मोठी पदवी नव्हती. परतताना गाडीत मात्र म्हणाले, "सगळां बरां, पण दाढी ठेवल्यान आणि मिशी काढल्यान. रंधो उलटो मारल्यान की काय!" आणि तेवढ्यावर स्वतःच अर्धा तास हसत राहिले.

डिसेंबरात रुचिताला अवेळी कळा आल्या, हॉस्पिटलात घातलं. त्याच आठवड्यात बाबा दुकानात काम करता करता रंध्यावर वाकले ते वाकलेच. तिला अकरा दिवस कुणी सांगितलं नाही. रोज ती विचारायची, बाबा खय? आई सांगायची, दुकानात आसत.

बावीस. तेवीस. पाठ वर येते, सर्र. खाली जाते, सर्र. चोवीस. सर्र.

सर्र.

बाबा स्वयंपाकघरात आहेत. ओट्याला फळी लावून रंधा मारताहेत. अंगात जाळीचं बनियन, खाली खाकी हाफ पँट, कानावर पेन्सिल. ओट्यावरून लाकडाच्या सालांच्या पातळ गुंडाळ्या खाली पडताहेत, त्यांच्या घोट्यापर्यंत आल्या आहेत. बाहेर उणे दहा आहे आणि बाबा अनवाणी.

"बाबा, पायात काय तरी घाला. फरशी गार आसा."

"इलंस?" बाबा मान वर न करता म्हणतात.

"तुमी कधी इलास?"

"मी गेल्लंय खय?"

हे बरोबर आहे असं रुचिताला वाटतं. तिला बरंसुद्धा वाटतं. उगाच इतके दिवस रडलो. बाळ तिच्या छातीशी आहे, गरम आहे. ती जवळ जाते. आई म्हणत होती तुमी दुकानात आसास, ती सांगते, आणि सांगताना तिचा आवाज लहान मुलीसारखा चिरका होतो, चहाडी केल्यासारखा.

"खोटां नाय बोलली ती," बाबा म्हणतात. "दुकानातच होतंय."

ते दुकानातच आहेत. वर कौलं आहेत, एक कौल काचेचं. भिंतीला करवती टांगलेल्या. ओटा कुठे गेला कळत नाही, बाबांचं जुनं लांब बाकडं आहे, त्याच्या कडेला सुरीने कोरलेली तिची उंचीची खूण, इयत्ता तिसरी. फ्रिज मात्र तसाच कोपऱ्यात घुरघुरतो आहे, आणि त्यावर हॉस्पिटलचा कागद चुंबकाने लावलेला.

बाबांच्या हाताखालची फळी पिवळी आहे. हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी. फणस. ओहायोत फणस कुठून आणला, असं ती विचारणार असते, पण तिची नजर बाकड्याखाली जाते. तिथे बाकीच्या फळ्या जोडून झाल्या आहेत. तळ, दोन लांब बाजू, दोन आखूड. लांबी हातभराहून थोडी जास्त.

गज नाहीत. पाय नाहीत. झोका घ्यायला कमान नाही.

बाबा रंधा मारताहेत ती झाकणाची फळी आहे.

लहानपणी तिने अशा पेट्या पाहिल्या आहेत. चर्चमागच्या वाडीतली किरिस्तांव माणसं बाबांकडेच यायची. मोठी पेटी करायची असली तर बाबा नेहमीसारखेच गप्पा मारत काम करत, गेलेल्या माणसाच्या खोड्या सांगत, पान खात. पण लहान पेटी असली की दुकानाचं अर्धं दार लावून घ्यायचे. त्या दिवशी पान नाही, बोलणं नाही, जेवायला घरी येणं नाही. आई डबा दाराशी ठेवून यायची आणि संध्याकाळी तसाच उचलून आणायची. पेटी गेली की बाबा विहिरीवर डोक्यावरून पाणी घ्यायचे. मग ताटावर बसायचे आणि म्हणायचे, वाढ.

दुकानाचं अर्धं दार लावलेलं आहे.

"बाबा, ह्यां कोणासाठी?"

बाबा फळीवर तळवा फिरवतात, फुंकर मारतात.

"बाबा."

"पोर दी हय," ते म्हणतात. "माप घेवचां आसा."

रुचिता मागे सरते. मागे दार असायला हवं, पण मागे योडरचा कारखाना आहे, लांबच लांब, छताच्या काचेवर बर्फ साचल्यामुळे आत राखाडी उजेड. म्हातारा योडर पलीकडच्या बाकड्याशी पाठमोरा उभा आहे. काळी टोपी, पाठीवर पट्ट्यांची फुली. "मिस्टर योडर," ती हाक मारते. तो वळत नाही. त्याचाही रंधा चालू आहे, आणि दोघांचे रंधे एका तालात चाललेत, एकाचा जातो तेव्हा दुसऱ्याचा येतो.

दोन्ही बाजूंना पाळणे आहेत. चेरीचे, अक्रोडाचे, ओकचे. सगळे रिकामे, आणि सगळे हलताहेत.

रिकामा पाळणा हलवायचा नसतो. ती एका पाळण्याला हात लावून तो थांबवते. शेजारचा हलायला लागतो. तो थांबवते तोवर पहिला. एका हाताने बाळ धरलेलं, दुसऱ्या हाताने पाळणे थांबवत ती पुढे पुढे जाते. लाकूड इतकं गुळगुळीत आहे की हाताला धरच मिळत नाही. कुणी केलंय इतकं सुंदर, कशाला केलंय, असं तिला ओरडावंसं वाटतं. कुणी तरी रात्रंदिवस खपून, कडा मारून, टोचेल असं एक टोक न ठेवता हे सगळं तयार करून ठेवलंय आणि निजायला कुणी नाही.

मग तिथे पाळणे नाहीत, हॉस्पिटलातल्या पेट्या आहेत. सात आठवडे ती ज्यांच्यामधून चालली त्याच ओळी, तोच साबणाचा वास. फक्त काचेच्या जागी लाकूड आहे. आतलं दिसत नाही. प्रत्येक पेटीवर ठक् ठक् वाजतंय, मशीनसारखं आणि हातोडीसारखं. नर्स म्हणते, तुमची कुठली ते तुम्हाला माहीत हवं. रुचिता झाकणांवरून हात फिरवत जाते. माझी कुठली? माझी खिडकीशी होती. खिडकीशी पेटी नाही, खुर्ची आहे, आणि खुर्चीत कुणी तरी झोपलंय. तिकडे तिला बघवत नाही. मग तिला आठवतं की बाळ तर आपल्याकडेच आहे. छातीशी. वेडी कुठली! ती दोन्ही हातांनी बाळाला कवटाळते, असं घट्ट की कुणाच्या बापाला काढून घेता येणार नाही.

"आवळू नको," बाबा म्हणतात.

ते शेजारीच उभे आहेत. हातात दुमडायची लाकडी मोजपट्टी.

"मी देवची नाय."

"देऊ नको. पण आवळू नको. फळी चौकटीत बसवताना दोनय बाजूंक वायच केसभर जागा सोडूची. लाकूड श्वास घेता. आवळून बसवलंस काय फुटता."

"ह्यां लाकूड नाय, बाबा."

"फुटूक लाकूडच व्हयां असां नाय."

ती त्यांच्याकडे नीट बघते. चेहरा बाबांचाच आहे, मिशीत भुसा अडकलाय, पण डोळे कामात आहेत. तिच्यावर रागावलेले नाहीत, तिला बघून आनंदलेलेही नाहीत. त्या दिवशी, अर्ध्या दाराआड, हे असेच दिसत असतील का? तिने कधी आत डोकावून बघितलं नव्हतं.

"तुमच्याकडे दिलां तर परत देतलास?" ती विचारते.

बाबा मोजपट्टीचा एक सांधा उघडतात, मिटतात. ते आयुष्यात खोटं बोलले नाहीत अशातला भाग नाही. गिऱ्हाइकाला उद्या ये म्हणून आठवडा लावत. पण लाकडाबद्दल आणि मुलीशी ते खोटं बोलत नसत.

"नाय," ते म्हणतात. "आता माझ्याकडे इलां ता परत जायत नाय."

"मगे मोजतास कित्याक? कोणी सांगल्यान तुमका ह्यां काम?"

"तूच सांगलंस."

"मी?"

"तूच."

"मी कधी सांगलंय? मी दहा आठवडे डोळ्याक डोळो लावूक नाय, बाबा. मी एकेक श्वास मोजलंय. मी कशी सांगतलंय?"

"आत्ताच," बाबा म्हणतात, अगदी हळू. "डोळो लागलो तुझो, तेवा."

रंध्यांचा आवाज थांबतो. योडर पलीकडे पाठमोराच उभा आहे, हात थांबलेले, ऐकत असल्यासारखा.

"मी झोपलंय?"

"मगे हय कशी पावलंस?"

तिला सगळं एकदम कळतं. थंडगार पाणी अंगावर पडावं तसं. आपण खुर्चीत आहोत. खिडकीशी. दुपार आहे. बाळ छातीवर होतं. होतं. आता हातांत जे आहे ते काय आहे, आणि कुठे आहे? ती खाली बघायला जाते तर मान वाकत नाही. हात सैल करायला जाते तर हात तिचे नाहीत, योडरच्या खुर्चीचे आहेत, लाकडाचे, जोड लागतो कुठे ते कळू नये असे एकसंध.

"उठवा माका. बाबा, हलवा. थोबाडीत मारा!"

"माका हात लावूक जमणा नाय, बाय."

"मगे ओरडा!"

"ओरडतंय कधीपासून," बाबा म्हणतात. "तू रंधो ऐकलंस."

बाकड्यावरची पेटी आता जवळजवळ झाली आहे. झाकण तेवढं बसवायचं. फणसाचा पिवळा रंग त्या राखाडी कारखान्यात दिव्यासारखा दिसतोय. सुंदर आहे पेटी. हे तिला दिसतं आणि ते दिसल्याबद्दल स्वतःची शिसारी येते. कोपरे इतके नेमके की पाणीसुद्धा आत जाणार नाही. हवाही नाही.

बाबा मोजपट्टी दुमडून खिशात घालतात. बाकड्याखाली वाकतात आणि एक नारळाची करवंटी काढतात. करवंटीत लाल माती कालवलेली, काव. त्यात भिजलेलं सुताचं गुंडाळं. फळीवर सरळ रेघ हवी असली की हे सूत दोन टोकांना ताणायचं, मधे उचलायचं आणि सोडायचं, की लाकडावर लाल रेघ उमटते. सूत मारणं म्हणतात त्याला. एकट्याला जमत नाही, दुसरं टोक धरायला कुणी तरी लागतं. शाळेतून आली की तीच धरायची.

"टोक धर," बाबा म्हणतात.

"हात मोकळो नाय माझो."

"मोकळो कर. एकच. एकच हात, चेडवा. आधी कसां धरी होतंस तसां."

"सोडलंय तर पडतलां."

"सूत मारूचां आसा. टोक धर."

हा आवाज तिला माहीत आहे. शाळेची पिशवी दाराशी टाकून ती धावत यायची तो आवाज. या आवाजाला तिने कधी नाही म्हटलं नाही. ती डाव्या हाताला सांगते, उघड. हात ऐकत नाही. ती पुन्हा सांगते. कोपरात कुठे तरी खोल, लाकडातली गाठ फुटावी तसं काही कचकन फुटतं आणि हात सुटतो. तळवा वर. बाबा सुताचं ओलं टोक तिच्या बोटांत ठेवतात, तिला न शिवता. दुसरं टोक तिच्या खांद्यापाशी धरतात. सूत तिच्या हातावरून ताणलं जातं, गार, ओलं.

"बाबा, तुमी परत येतलास?"

"समोर बग. हात हलवू नको."

"आईन माका सांगूक नाय. अकरा दिवस. नाय तर मी..."

"आयक," बाबा म्हणतात, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघतात. डोळे कामातून वर आलेत. ते आता बाबांचे डोळे आहेत, टेबलाखालून बाहेर आले तेव्हाचे. "अर्धां काम मी आजपर्यंत कधी टाकूक नाय. ह्यां टाकतंय."

ते सूत मधे उचलतात.

सट्.

हात भाजल्यासारखा होतो आणि रुचिताचे डोळे उघडतात.

खोली पांढरी आहे. खुर्ची स्थिर आहे. तिचा डावा हात खुर्चीच्या बाहेर लोंबतो आहे, आणि छातीवर कुणी नाही.

बाळ घसरून तिच्या कुशीत आणि खुर्चीच्या हाताच्या मधल्या फटीत गेलंय. तोंड तिच्या लोकरी स्वेटरमध्ये पूर्ण रुतलेलं. क्षणापूर्वीपर्यंत तिचा दंड त्याच्यावर दाबलेला होता. लोकरीत त्या दंडाचा खळगा अजून तसाच आहे.

ती उचलते. मान मागे कलंडते. ओठ जांभळट, अंग कणकेच्या गोळ्यासारखं मऊ. मोजायला काही नाही. ती मोजतही नाही. नर्सने सांगितलेल्या नव्व्याण्णव गोष्टींतली एक आपोआप तिच्या बोटांत येते आणि ती तळपायांवर टिचक्या मारते, पाठ चोळते, पुन्हा टिचक्या. "ऊठ," ती म्हणते, "ऊठ, गो, ऊठ." पाठ. तळपाय. खिडकीबाहेर कुणाची तरी गाडी बर्फावरून सावकाश जाते.

बाळ आचका देतं. मग एक आवाज येतो, जुनं दार उघडताना येतो तसा. मग रडणं. बारीक, संतापलेलं, थांबायचं नाव न घेणारं.

फोन तिने कधी लावला ते तिला नंतर आठवत नाही. अँब्युलन्स येते तेव्हा ती दार उघडं टाकून उंबऱ्यातच उभी आहे, बाळ दोन्ही तळव्यांवर अंगापासून लांब धरलेलं, जणू ताटात काही वाढून आणलंय. अँब्युलन्सबरोबर आलेला माणूस पन्नाशीचा आहे, जाड भिंगांचा चष्मा, बुटांना बर्फ. तो घाई न करता आत येतो. सपाट जागा बघतो आणि तिला न विचारता बाळाला पाळण्यात ठेवतो. उताणं. वरवंटा नाही, गाणं नाही. तो वाकून छाती ऐकतो, बोटाला चिमटा लावतो, आकडा बघतो, मान हलवतो.

"नाव काय हिचं?"

जन्माच्या कागदावर त्यांनी नाव लिहिलं होतं, लिहावंच लागतं म्हणून. घरात कुणी त्या नावाने अजून हाक मारलेली नाही.

"शाल्मली," रुचिता म्हणते.

"शामली," तो म्हणतो, त्याला जमतं तसं, बाळाकडे बघून. "शामली, छान रडतेस हं तू. रड. काय झालं होतं, मॅडम?"

उत्तर तयार आहे. दूध पाजत होते, ठसका लागला. तीन आठवड्यांत तिची जीभ अशा उत्तरांना सरावली आहे. संकेतला तेच सांगता येईल, आईला तेच. कुणाला कळायचं कारण नाही. आणि पुढच्या गुरुवारी ती पुन्हा त्या खुर्चीत असेल.

"मी झोपले," ती म्हणते. "तिला अंगावर घेऊन झोपले. रोज बसते तशीच बसले होते. मी तिला या पाळण्यात कधीच ठेवलं नाही. घरात सगळ्यांना खोटं सांगितलं. माझ्या हाताखाली दाबली गेली ती."

तो मान वर करून तिच्याकडे बघतो. रागावत नाही. "किती वेळ?"

"माहीत नाही."

"बरं. हॉस्पिटलात नेऊ या, दोघींना. तिथेही हेच सांगा, जसंच्या तसं. घरी कुणी आहे?"

"नवरा दोन तासांवर आहे."

"त्याला फोन करा. आधी बसा. तुम्ही पांढऱ्या पडलात." तो तिला खुर्चीत बसवायला जातो. ती नाही म्हणते, खाली पाळण्याशी जमिनीवर बसते. तो गुडघ्यावर टेकतो, तिची नाडी बघायला डावा हात हातात घेतो, स्वेटरची बाही वर सरकवतो आणि थांबतो.

मनगटापासून कोपराच्या वर, बाहीच्या आत दिसेनाशी होईपर्यंत, एक लाल रेघ आहे. अरुंद, ओलसर, हाताच्या चढउतारावरूनही कुठे न वाकता गेलेली. रुचिता तिच्याकडे बघते. तोही बघतो.

"कुठे कापलंय का?"

तो पिशवीतून कापूस काढतो, रेघेच्या वरच्या टोकापासून पुसायला लागतो. कापूस मातकट लाल होतो. तो दुसरा घेतो. तोही होतो. चष्मा कपाळावर सारून तो हात खिडकीच्या उजेडात धरतो आणि पुसलेल्या जागी अंगठ्याने दाबत दाबत, खालपर्यंत, जखम शोधत जातो.